दोन बोटं डावीकडे

ट्रेलर अंबड चौफुलीला अडकला.
वरून तार आडवी आली होती.
लाईनमन कुऱ्हेनं बांबूनं ती उचलून धरली
आणि यान खालून सरकलं,
मांडवाच्या कमानीखालून नवरदेवाचा घोडा सरकावा तसं.
जालना सोन्याचा पाळणा, असं जुने लोक म्हणायचे.
हा पत्र्याचा आला.

पाटीवर लिहिलंय : पूर्णाकृती प्रतिकृती.
पोरांना एका दमात वाचता येत नाही.
बरोबरच्या बाई सोपं करून सांगतात : म्हणजे खोटं.
मी काही बोलत नाही. तिकिटं फाडतो.
मोठ्यांना वीस, शाळेला पाच.

किती खोटं, ते मला ठाऊक.
संध्याकाळी फडकं घेऊन मीच आत शिरतो,
गुडघे पोटाशी घेऊन.
तीन खुर्च्या, तिन्ही प्लायवूडच्या.
बटणं बरीचशी नुसती रंगवलेली.
जी दबतात, त्यांच्या मागची वायर
हातभर जाते आणि संपते,
टोकाला काळी चिकटपट्टी.
खिडकीतून दिसतो हॉलचा पंखा.
कुणी विचारलं तर मी त्याला गुरू ग्रह म्हणतो.

मागच्या एका नळकांड्यात
कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय.
विजयमालाताई म्हणाल्या, काढून टाका.
काढतो म्हणलं. काढलं नाही.
एवढ्या मोठ्या यानात राहायला आलेली
ती एकटीच.

मार्चात उजवीकडच्या खुर्चीवर पाठ टेकून
वरची धूळ पुसत होतो,
तर पट्टीच्या कडेला पेन्सिलीची अक्षरं.
मराठीत, म्हणून दचकलो.
*हात पोचत नाही. दोन बोटं डावीकडे घ्या.*
खाली सही, निम्मी पुसलेली. नुसता एक व.

ताईंनी पत्र धाडलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं :
होय, खऱ्या यानात ते बटण
दोन बोटं डावीकडे आहे.

म्हणजे कुणीतरी इथं पट्ट्यांनी आवळून
तासन् तास पडून राहिलं,
हात लांबवला, नाही पोचला,
उतरून सांगितलं की नाही पोचत,
आणि ऐकणाऱ्यानं ऐकलं.
मी फडकं हातात धरून बसून राहिलो.
पंखा बंद होता. गुरू ग्रह थांबलेला.

आमच्या रोलिंग मिलमध्ये
लाल सळई सापासारखी बाहेर यायची.
चिमट्याचा हूक माझ्या हाताला
दोन बोटं लांब पडायचा.
मी सांगितलं होतं. सोनटक्के मुकादमाला, दोनदा.
तो म्हणला, हात लांब कर.
केला.
आता उजव्या हाताला तीन आहेत,
तिकीट फाडायला पुरतात.
आमच्या मिलची प्रतिकृती कुणी केली नव्हती.
आम्ही थेट खऱ्यातच बसलो.

परवा परतूरकडची शाळा आली.
सगळी पोरं सेल्फीच्या कठड्यापाशी,
एक मात्र दाराशी वाकून आत बघायली.
आत बसायची मनाई आहे, पाटी मीच रंगवलीय.
म्हणलं, जा. चप्पल काढ.
तिनं पाठ टेकली, हात वर केला,
मग खांदा उचलला, मग जीभ बाहेर.
काका, नाही पोचत.
मग सांग की.
कुणाला?

ह्याचं उत्तर मला येत नाही.
कानामागची पेन्सिल काढून दिली.
लई वेळ लावला तिनं.
त्या जुन्या ओळीखाली आता वाकडं, दाबून लिहिलेलं :
*माझा पण नाही पोचत. तहुरा, सहावी ब.*

बाहेर बाई पोरं मोजायल्यात.
पुन्हा मोजायल्यात.
एक कमी भरायली.